विचारा बाईंना: लागलेलं वर्ष आणि पुरं झालेलं वर्ष

शाळेच्या दारातल्या फळ्यावर मी बावीस वर्षं दिनविशेष लिहिला. निवृत्त झाले तेव्हा फळा सुटला, पण प्रश्न काही सुटले नाहीत. ते आता पत्रांतून येतात. या वेळच्या पत्रांत मोजणीच्याच भानगडी जास्त आहेत.

बाई, वडिलांना येत्या मार्गशीर्षात पंचाहत्तरावं लागतंय. भाऊ म्हणतो अमृतमहोत्सव यंदाच करू, बहीण म्हणते पुढच्या वर्षी. पत्रिका छापायच्या आहेत. (एक वाचक, कराड)

बहिणीचं ऐका. पंचाहत्तर पुरी झाली की अमृतमहोत्सव. यंदापासून सुरू होतंय ते ‘अमृतमहोत्सवी वर्ष’, त्यामुळे भावाला आतापासून खरेदी काढायची तर काढू द्या. माझी आजी कायम लागलेलं वर्ष सांगायची आणि कागदोपत्री पुरं झालेलं असायचं, म्हणून रेशनकार्डावर ती एका वर्षाने लहान होती. शेवटपर्यंत तिला हा सरकारचा गलथानपणा वाटला.

देशाचंच उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२२ ला स्वातंत्र्याची ७५ वर्षं पुरी झाली, पण त्या दिवशीचा स्वातंत्र्यदिन होता ७६ वा, कारण पहिला १९४७ सालीच झाला. अमृतमहोत्सवाचे कार्यक्रम मात्र ७५ आठवडे आधी, १२ मार्च २०२१ ला सुरू झाले. दांडीयात्रा निघाली ती तारीखही १२ मार्च.

आता खोडी अशी, की एकसष्टी करतात साठ पुरी झाल्यावर. म्हणजे तिथे नाव लागलेल्या वर्षाचं, आणि पंचाहत्तरीत पुऱ्या झालेल्या. असं का, ते मला वर्गात कधी धड पटवून देता आलं नाही. सहस्रचंद्रदर्शनाला मात्र सरळ हिशेब आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस, असे हजार फेरे म्हणजे ऐंशी वर्षं आणि दहाएक महिने. वडिलांसाठी तेही आत्ताच वहीत मांडून ठेवा.

‘हिरकमहोत्सव’ साठाव्या वर्षी की पंचाहत्तराव्या? आमच्या पतसंस्थेत दोन गट पडलेत. (एक वाचक, चिपळूण)

आधी शब्द नीट लिहा, मग गट पाडा. हिरा ऱ्हस्व, हीरक दीर्घ. तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. मराठीत साठाला हीरक आणि पंचाहत्तराला अमृत. इंग्रजीत पंचाहत्तरालाही हिराच जोडण्याची पद्धत आहे, म्हणून गोंधळ होतो.

साठाचा हीरकमहोत्सव पुण्याने तर विसरूच नये. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८९७ साली साठ वर्षं झाली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यात त्याचा समारंभ होता. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत सोजीर घुसवणारा रँड तिथून परत निघाला आणि वाटेत चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. मागच्या गाडीतला लष्करी अधिकारी आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. तो बंगला म्हणजे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. पतसंस्थेच्या स्मरणिकेत हे घातलंत तर दोन्ही गट वाचतील.

‘पुण्यतिथी’ म्हणावं की ‘स्मृतिदिन’? (एक वाचक, सोलापूर)

तारखेने पाळत असाल तर स्मृतिदिन अचूक, कारण पुण्यतिथीत तिथी आहे. पण रूढ झालेल्या शब्दाशी मी भांडत नाही. जयंतीच्या बाबतीत मात्र भांडते: ती हयात माणसाची करू नका.

या शब्दांवरून १ ऑगस्ट आठवला. त्या दिवशी फळ्यावर मी दरवर्षी ‘लोकमान्य टिळक पुण्यतिथी’ एवढंच लिहायचे. एका वर्षी सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आला आणि म्हणाला, “बाई, अण्णाभाऊंचं राहिलं.” अण्णाभाऊ साठे यांचा जन्म वाटेगावचा, १ ऑगस्ट १९२० चा. टिळक मुंबईत सरदारगृहात वारले तोच दिवस, तेच साल. इतकी वर्षं अर्धाच फळा लिहीत होते मी. खडू त्याच्या हातात दिला. त्याने अण्णाभाऊंचं नाव माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं.

मुलीचा जन्म २९ फेब्रुवारी २०२४ चा. वाढदिवस २८ ला करावा की १ मार्चला? (एक आई, बेळगाव)

मला विचाराल तर १ मार्चला. २८ ला तिचं वर्ष पुरं झालेलं नसतं आणि ‘लागलं’ म्हणायलाही एक रात्र उरते. आजे-पणजे हट्टाला पेटले तर तिथीने करा, ती दरवर्षी येते.

मोरारजी देसाईंचा जन्मही याच तारखेचा, १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, म्हणून त्यांना आपली पहिली खरी तारीख मिळाली ती थेट १९०४ साली, आठव्या वर्षी. १९७७ च्या मार्चमध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा वय एक्याऐंशी, म्हणजे हजार चंद्र पाहून झालेले, पण २९ फेब्रुवारी वाट्याला आलेली अवघी एकोणीस वेळा. २१०० हेही लीप वर्ष नाही. तेव्हा तुमच्या लेकीची पंचाहत्तरी नुकतीच झालेली असेल, आणि १ मार्चची सवय लागलेली असेल तर तिला फरक पडणार नाही.