स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकताना सिम्युलेशन बघून खरंच काही समजतं का? सर म्हणतात, ती नुसती रंगीत चित्रं. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

समजतं. सॉफ्टवेअरचं खाली सांगतो, पण "नुसती रंगीत चित्रं" हे वाचून आधी हे लिहायला बसलो. माझ्या पहिल्या नोकरीतले सर अगदी हेच म्हणायचे.

पुण्यातलं छोटं ऑफिस, मला लागून आठ महिने झालेले. एका बंगल्याची दीड मीटरची गॅलरी माझ्याकडे आली. मॉडेल केलं, रन केलं, आधारापाशी छान लाल पट्टा उमटला, वरच्या सळ्या दाखवल्या, ड्रॉइंग साइटवर गेलं. कॅन्टिलिव्हरचं (एकाच टोकाला धरलेल्या भागाचं) लोखंड वर, हे काय सांगायचं.

स्लॅबच्या आदल्या दिवशी चेकिंगला गेलो तर फिटरकाका जाळीवर उकिडवे बसलेले. म्हणाले, "साहेब, या वरच्या सळ्या आत कुठं न्यायच्या? आत तर खड्डा हाय."

गॅलरीच्या मागे टॉयलेट होतं. सन्क स्लॅब, ३०० मिमी खाली. माझ्या मॉडेलमध्ये मात्र आतबाहेर एकच पातळी, सलग. गॅलरीला मागून धरणारा जो स्लॅब मी गृहीत धरला होता, तो त्या उंचीवर नव्हताच. सगळा भार २३० मिमी रुंद एका बीमच्या पिळावर. तिथेच डायरीत हिशोब केला: चौरस मीटरला ८ किलोन्यूटन, टोकाला पॅरापेटचे मीटरमागे ३, म्हणजे आधारापाशी मीटरमागे १३.५ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर). बीमचा गाळा ४ मीटर, म्हणून दोन्ही टोकांना २७ चं टॉर्शन (पीळ). आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ते शिअरमध्ये (कातरणाऱ्या जोरात) बदललं (१.६ टी भागिले बी; टी म्हणजे टॉर्शन, बी म्हणजे बीमची रुंदी) तर नुसत्या पिळाचे १८८ किलोन्यूटन, तेही सुरक्षिततेचा फॅक्टर लावायच्या आधी. घामच फुटला. काँक्रीट पुढे ढकललं, कॉलममधून कॅन्टिलिव्हर बीम बाहेर काढले आणि गॅलरीचा स्लॅब त्यांच्यावर टेकवला. ठेकेदाराने माझ्या घराण्याचा उद्धार केला तो वेगळाच.

(सन्क स्लॅबही बीमला खालून थोडं धरतो, हे मला माहीत आहे. पण सळ्या नीट आत नेता येत नसतील तर त्यावर विसंबू नये.)

सरांचा निकाल लगेच आला: "रंग बघून डिझाइन केलं की हे असं होतं." सहा महिने कॉम्प्युटर बंद, मोमेंट डिस्ट्रिब्युशन (मोमेंट काढायची जुनी पद्धत) हाताने.

पण कॉम्प्युटर जायच्या आदल्या रात्री मी तेच मॉडेल उघडलं, आतला स्लॅब उडवला आणि डिफ्लेक्टेड शेप (वाकलेला आकार) पन्नासपट मोठा करून हलवून बघितला. बीम ओल्या टॉवेलासारखा पिळवटत होता. चार वर्षं टॉर्शनवर मार्क मिळवले होते, टॉर्शन दिसलं ते त्या रात्री. आणि सर, हाताने केलं असतं तरी मी आतला स्लॅब सलगच धरला असता. तीच चूक सुवाच्य अक्षरात झाली असती, एवढंच.

तर तुम्ही काय करायचं: रन दाबायच्या आधी वाकलेला आकार पेन्सिलीने काढा. मग पडद्यावरच्याशी ताडून बघा. जुळला नाही तर चुकलं कोण, ते सापडेपर्यंत उठू नका. सुरुवातीला एफटूल पुरे, फुकट आहे आणि द्विमितीय आहे. साध्या बीमची टोकं फिक्स करून बघा: सारख्या पसरलेल्या भाराखाली मध्यावरचा मोमेंट डब्ल्यू गुणिले एलचा वर्ग (डब्ल्यू म्हणजे मीटरमागे भार, एल म्हणजे गाळा) भागिले ८ वरून उतरून भागिले २४ होतो आणि भागिले १२ टोकांना जाऊन बसतो. ईटॅब्स, स्टॅड ही मोठी सॉफ्टवेअर नंतर. फोमच्या लांब तुकड्यावर उभ्या रेघा मारून तो वाकवलात तर पहिल्या दिवशी त्याहून जास्त शिकाल, हे मी गमतीने म्हणत नाही.

सर अगदीच चूक होते असंही नाही. नॉर्वेचा स्लाइप्नर ए हा समुद्रात उभारायचा गॅसचा प्लॅटफॉर्म २३ ऑगस्ट १९९१ रोजी बुडाला. फायनाइट एलिमेंट मॉडेलची (रचनेचे छोटे तुकडे करून गणित करणाऱ्या मॉडेलची) जाळी ढोबळ होती, भिंतींमधला शिअर ४७ टक्के कमी धरला गेला. म्हणून पुढे मोठी मॉडेलं करायला लागलात की उत्तर आधीच ठाऊक असलेलं एखादं घ्या. आपलं कोयना धरण आहेच. १९६७ च्या भूकंपात प्रवाहाच्या खालच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या उंचीच्या आसपास भेगा गेल्या. आज जगभरचे लोक आपली सॉफ्टवेअर तपासायला तेच धरण घेतात. तुमच्या मॉडेलची भेग दुसरीकडेच गेली तर काहीतरी चुकलंय.

गॅलरीची ती फाइल अजून माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत सरांकडे गेलो तेव्हा लॅपटॉप मुद्दाम बरोबर नेला होता. त्यांना चष्मा सापडेपर्यंत फराळ आला.