गोंदियाकडे घरच्या घरी बटन मशरूम होईल काय? आणि सात्या लावता येतात काय?

तुमचं म्हणणं असं की गाव गोंदिया जिल्ह्यात आहे, शेळ्यांचं टिनाचं शेड रिकामं पडलंय, मोबाइलवर बटन मशरूमचा व्हिडिओ पाहिला तं ते जमेल काय, आणि पावसाळ्यात जंगलात निघतात त्या सात्या (रानातले मशरूम) घरीच लावता येतील काय.

सात्यांचं आधी सांगून टाकतो, नाही लावता येत. सात्या निघतात वारुळावर, उधई (वाळवी) आत पालापाचोळा चावून त्याचे गड्डे रचते आणि त्यावर ती बुरशी पोसते, म्हणजे शेती खरं तं उधईच करते, आपण फक्त आयतं तोडून आणतो. कोणी सात्यांचं बियाणं विकत असेल तं घेऊ नका.

बटनही सोडा भाऊ. त्याला छत्री धरायच्या वेळी १४ ते १८ डिग्री लागते आणि तीही दिवसरात्र, आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी शर्ट काढावा वाटतो. वरून गव्हाचं कुटार, कोंबडीखत, जिप्सम घालून महिनाभर पलटत बसायचं कंपोस्ट, मग एसी, वीजबिल... व्हिडिओत हे दोन सेकंदात उडवून देतात.

तुमच्या कामाची आहे धिंगरी, तीच ऑयस्टर. २० ते ३० डिग्रीत होते आणि धानाच्या तणशीवर (पेंढ्यावर) सगळ्यात मस्त येते. आता तणस गोंदियाच्या माणसाला सांगायची गरज नाही, नोव्हेंबरात चुरणे झाले की गावभर ढीग असतात, आणि तेव्हाच गरमीही उतरते. म्हणून दिवाळीनंतर सुरू करा अन् महाशिवरात्रीपर्यंत घ्या, पहिल्या वर्षी तरी. उन्हाळ्यात नादी लागू नका, ४५ च्या उन्हात टिनाखाली काही टिकत नाही. थंडीतसुद्धा टिनाचं शेड दुपारी तापतेच, वर तणस टाका, बाजूनं बोऱ्याचे पडदे लावून ओले ठेवा. शेळ्या होत्या म्हणता तं आधी झाडून, चुना मारून काही दिवस मोकळं सोडा. घरात कवेलूची (कौलारू) एखादी खोली रिकामी असेल तं ती जास्त बरी.

लोकं बियाण्याच्या (दाण्यावर वाढवलेली बुरशी, स्पॉन) मागे लागतात, पण माझ्या मते अर्धं काम तणशीतच असते. यंदाची, पिवळी, पावसात न भिजलेली तणस घ्या. काळी पडलेली गायीला टाका, तीही नाक मुरडेल. इंच दोन इंच कापायची, बोऱ्यात भरून रातभर थंड पाण्यात बुडवून ठेवायची, सकाळी चुलीवर मोठ्या गंजात (पातेल्यात) ८० डिग्रीच्या आसपास पाणी करून तासभर त्यात ठेवायची (उकळी फुटायच्या आधी बुडातून बारीक बुडबुडे येतात, तेवढं गरम). दुसरी पद्धत औषधाची, १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम बाविस्टीन (बुरशीनाशक) आणि १२५ मिली फॉर्मॅलिन (जंतुनाशक), त्यात १६-१८ तास. मोठ्या कामाला ती सोपी पडते, पण फॉर्मॅलिन डोळ्यात झोंबते आणि घरच्या खाण्यासाठी मला काही ती आवडत नाही, लाकडं आपल्याकडे आहेतच.

मग निथळवणे. इथेच घाई होते. तिरप्या खाटेवर नाही तं जाळीवर पसरवा आणि मूठभर घेऊन कचकन पिळून पाहा, थेंब पडला तं अजून थांबा, थेंब पडला नाही पण तळहात ओला लागला की झालं. जास्त ओली राहिली तं आत आंबूस वास सुटते आणि काळ्या छत्र्या निघतात, त्या खायच्या नाहीत, उपटून फेकायच्या.

प्लास्टिकची पिशवी भरायची थराथरानं, चार पाच इंच तणस दाबून, वर कडेकडेनं बियाणं, परत तणस. ५ किलो ओल्या तणशीला १०० ते १५० ग्रॅम बियाणं पुरते. तोंड बांधून दाभणानं भोकं पाडा आणि अंधाऱ्या जागी टांगा. १५ ते २० दिवसांत बुरशी पसरून पूर्ण पांढरी होते, कडक थंडीत थोडे दिवस जास्त. मधे हिरवा डाग दिसला तं ती पिशवी लगेच दूर नेऊन गाडा, डाग कापून वाचवायला जाऊ नका, दुसऱ्यांनाही लागते. पांढरी झाली की प्लास्टिक फाडून काढा, उजेड आणि हवा द्या, दिवसातून दोन तीनदा बारीक फवारा. आधी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात आणि तीन चार दिवसांत तळहाताएवढे पंखे. दांड्या लांब अन् टोप्या बारक्या राहिल्या तं हवा कमी पडते असं समजा, पडदा वर करा. कडा वर वळायच्या आत पिळून तोडा, कापू नका. असे दोन तीन तोडे होतात, एक किलो सुक्या तणशीमागे सगळं मिळून अर्धा ते पाऊण किलो.

बियाणं कृषी विद्यापीठाकडून घ्या, अकोल्याचं पंजाबराव देशमुख, नागपूरचं कृषी महाविद्यालय त्यांच्याच अखत्यारीत आहे. जायच्या आधी फोन करा, बियाणं ताजं पाहिजे. ज्वारी-गव्हाच्या दाण्यावर असते, दाणे पांढरेशुभ्र दिसले तं घ्या, हिरवट किंवा पाणी सुटलेलं परत करा.

विकायचं म्हणाल तं आधी गिऱ्हाईक ठरवा मग पिशव्या वाढवा. ओली धिंगरी बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये दोन तीन दिवस, मग पिवळी पडते. उरलेली उन्हात वाळवा, दहा किलोची साधारण किलोभर होते आणि डब्यात महिनोन्महिने राहते. आणि तोडताना तोंडाला दुपट्टा बांधत जा, टोप्या मोठ्या झाल्या की बारीक भुकटी उडते, बंद खोलीत रोज काम करणाऱ्याला त्यानं खोकला धरते. घरात दमेकरी असेल तं पिशव्या झोपायच्या खोलीत तर मुळीच नको.