फोनची रिंग वाजली की छातीत धडधडतं, हे येड नाही

"मॅडम, फोन वाजला की छातीत धडधडूलागतंय, हाताला घाम सुटतोय, मला येड लागूलागलंय काय?" खानापूरकडच्या एक काकू नीट बसायच्या आधीच हे बोलल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.) अशी तक्रार घेऊन खूप जण येतात म्हणून लिहितेय. ईसीजी आधीच काढलेला, नॉर्मल.

विचारत गेले तसं कळलं, दोन वर्षांमागं यजमान बेळगावात आयसीयूत होते, मुलगा तिकडं, काकू घरी, रिंग वाजली की काहीतरी वाईटच कानावर यायचं आणि शेवटचा फोन पहाटेचा. नंतर मुलानं रिंगटोन बदलून दिली, काकूंनी फोन सायलेंटवरच ठेवला. पण पिरनवाडीजवळ बसमध्ये दुसऱ्याच कुणाचा फोन त्याच जुन्या ट्यूनवर वाजला आणि काकू मधेच उतरल्या, तेव्हापासून एकटीनं बस बंद. घरात नजर काढून झाली.

पावलोव हा रशियन शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनावर काम करायचा, 1904 चं नोबेल त्याला त्यासाठीच. त्यानं बघितलं की मेट्रोनोमची, म्हणजे ताल धरायच्या यंत्राची, टिकटिक ऐकवून लगेच खायला दिलं, असं बरेचदा केलं की पुढं नुसत्या टिकटिकीलाच कुत्र्याला लाळ सुटते. काकूंचं शरीरपण तेच शिकलं होतं, रिंग म्हणजे वाईट बातमी. कधी तर एकदाच पुरतं, कुंदा (बेळगावची मिठाई) खाऊन चोर्ला घाटात उलटी झालेल्या माणसाला पुढं कुंद्याचा वास पण नको होतो, दोष खरा वळणांचा.

आणि टाळत राहिलं की शरीराला कळतच नाही की आता धोका नाहीये.

1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईनं सशाला घाबरणारा एक मुलगा खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणत नेला आणि भीती गेली. आम्ही तसंच केलं. संध्याकाळी चहाच्या वेळी बहिणीनं फोन करायचा, ट्यून तीच जुनी, फोन आधी आतल्या खोलीत आवाज एकदम बारीक, धडधड बसली की मगच पुढची पायरी, घाई अजिबात नाही.

तीन आठवडे छान गेले आणि एका सकाळी परत तसंच, काकू रडल्या, सगळं वाया गेलं म्हणाल्या. वाया नव्हतं गेलं, पावलोवच्या कुत्र्यांचीपण, खायला न देता नुसती टिकटिक ऐकवून ऐकवून गेलेली लाळ मधे काही काळ गेला की परत यायची, पण पहिल्यापेक्षा कमी. हे ऐकून त्यांना केवढा धीर आला! चहाचे फोन चालूच ठेवले.

परवा त्यांचाच फोन आला, मागं बसचा आवाज, "मॅडम, पिरनवाडी गेली."