राजांची जोडी लपवू नको

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तीनदा वाचला. ‘मामा, पोकरमध्ये मोठा हात आला की वाढवायचं केव्हा?’ तान्ह्या पोळ्याच्या रात्री ओसरीवर तुझा चेहरा उतरला, तेव्हाच हे बोलायला हवं होतं. पाहुणे होते, राहून गेलं.

तो डाव आठव. आपला लिमिट होल्डेम: प्रत्येकाला दोन झाकले पत्ते, मध्ये सगळ्यांचे पाच उघडे, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर), आणि प्रत्येक फेरीत किती लावायचं ते ठरलेलं. दोन-चारचा खेळ, म्हणजे फ्लॉपपर्यंत दोन चिंचोक्यांचं बेट, टर्नपासून चारचं. तुझ्या हातात राजांची जोडी आणि तू नुसता कॉल केलास, लागतील तेवढेच टाकलेस. ‘कोणाला कळू नये म्हणून.’ सहाच्या सहा जण आत आले. तुझी मामी बिग ब्लाइंडवर, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोन टाकावे लागतात त्या जागी, सत्ती-पंजी घेऊन बसली होती, तिला तर फ्लॉप फुकट दिसला. फ्लॉपला सत्ती, टर्नला पंजी, झाल्या तिच्या दोन जोड्या. तू म्हणतोस नशीब फिरलं. नाही रे बाप्पा. तू वाढवलं असतंस तर तिने पत्ते टाकले असते, नाही तर अजून दोन चिंचोके मोजले असते. दोन्ही तुझ्याच फायद्याचं. तू तिला आवतण दिलंस.

पाच जण कुठलेही पत्ते घेऊन बसले तरी राजांची जोडी शंभरातले साधारण ४३ डाव नेते. सगळ्यांनी दोन-दोन जास्तीचे टाकले तर पॉट, म्हणजे मधला ढीग, बारांनी वाढतो. त्यात तुझे दोन, वाटा पाचाचा. हे वाढवायचं नाही तर काय वाढवायचं? लोक पळतील ही भीती नो-लिमिटवाल्यांची. तिथे ढीग पुढे सरकवून माणूस उठवता येतो. लिमिटमध्ये दोन चिंचोक्यांनी आपल्या ओसरीवरचं कोण उठतं? म्हणून वाढव. फ्लॉपच्या आधी वाढव.

तू त्या अल्बर्टा विद्यापीठाच्या प्रोग्रॅमचा दाखला दिलास. सेफियस. २०१५ साली त्यांनी दोघांच्या लिमिट होल्डेमचा जवळजवळ पुरा उलगडा केला, आणि तो डीलर असताना एक्क्यांच्या जोडीवरसुद्धा पहिल्या फेरीतलं शेवटचं रेज, म्हणजे शेवटचं वाढवणं, दहा हजारांत एकदाही करत नाही, हे खरं आहे. पण अर्धंच वाचू नको. तो खेळ दोघांचा, आणि समोरचा एकही चूक करणार नाही असं धरून मांडलेला. शिवाय तो सोडतो ते फक्त शेवटचं रेज. डाव उघडताना मात्र जवळजवळ कधीच नुसता कॉल करत नाही. आपल्याकडे सहा जण बसतात आणि तुझे मोठे काका दुर्री-सत्ती घेऊनही रिव्हर बघतात. त्यांच्यापासून काय लपवतोस?

थांबणं, म्हणजे फ्लॉपला नुसता कॉल करून टर्नला वाढवणं, एकाच ठिकाणी चालतं, ते नीट समजून घे. समज, आधी वाढवून पाच जण आत आले, पॉट २०. फ्लॉपला सगळ्यांनी दोन-दोन टाकले, झाले ३०. टर्नला तुझ्या उजव्या हाताचा माणूस चार लावतो. तू नुसता कॉल केलास तर पॉट ३८, आणि ओळीने पाच पत्ते जुळवायला मधला एकच पत्ता हवा असलेल्या डावीकडच्या माणसाला चारमध्ये पुढे जाता येतं. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत त्याच्या कामाचे ४, बिनकामाचे ४२, म्हणजे एकास साडेदहा. ३८ साठी चार टाकणं त्याला जवळजवळ परवडतं. तू वाढवलंस तर ४२ साठी आठ टाकावे लागतात, एकास सव्वापाच. आता त्याचं येणं चूक. फ्लशसाठी, म्हणजे एकाच जातीच्या पाच पत्त्यांसाठी, एक पत्ता हवा असलेला मात्र येणारच, त्याचे ९ पत्ते आहेत. येऊ दे. त्याचं येणंही बरोबर आणि तुझं वाढवणंही, कारण पाचातले चार डाव तो चुकतो. म्हणून उजवीकडचा पुन्हा बेट लावणारच अशी खात्री असेल तरच फ्लॉपला दम धर. त्याने टर्नला चेक केलं, म्हणजे काहीच लावलं नाही, तर एक पत्ता सगळ्यांना तू स्वस्तात वाटलास. खात्री नसेल तर फ्लॉपलाच वाढव.

रिव्हरचं वेगळं आहे. तिथे वरचाच हात कॉल करणार असेल तर गप्प बसावं.

मी एवढा का तापतो, विचारशील. नागपूरच्या होस्टेलवर हा खेळ शिकलो आणि कितीतरी वर्षं मोठे हात लपवून स्वतःला हुशार समजलो. जिंकायचो ते चिल्लर, हरायचो ते ढीगभर. कापसाचंही तसंच केलं. एका साली भाव होता, चांगला पांढरा माल घरात होता, आणि मी अजून थोडं म्हणत उन्हाळ्यापर्यंत भरून ठेवला. माल पिवळा पडला, वजन घटलं, भावही उतरला. तुझ्या मामीने तेव्हा एक शब्द काढला नाही, ते आजही टोचतं.

आता मात्र मी मागे हटत नाही. मागच्या दिवाळीत माझ्याकडे राजे आणि समोर एक्के होते. एक बेट, तीन रेज, लिमिटमध्ये जेवढं करता येतं तेवढं पहिल्याच फेरीत केलं आणि हरलो. सगळे म्हणाले, मामा अडेल आहे. असेन. पण एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा येते. तिच्या धाकाने बाकी सगळ्या रात्री राजे झाकून ठेवू? उद्या तेच पत्ते आले तर तेच करीन, आणि तूही कर.

पैशाच्या ऑनलाइन खेळाच्या नादी लागू नको, २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने तो बंदच केला आहे. आपले चिंचोके बरे. दिवाळीला येशील तेव्हा, वाढवायला हवे होते आणि वाढवले नाहीस असे दहा हात आठवून लिहून आण. पऱ्हाटीची वेचणी संध्याकाळी उरकली की ओसरीवर बसून एकेक बघू.

तुझा,
मामा