२ महिन्यांच्या पिल्लाला लशीसाठी दवाखान्यात न्यावं की डॉक्टर घरी बोलवावा? दवाखान्यातूनच पार्व्हो (कुत्र्यांचा उलट्या-हगवणीचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लागतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, लागू शकतो. पण म्हणून लस टाळायची नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमचा साळा अजूनही प्रत्येक लग्नात गाठून म्हणते, "भाऊजी, लस टोचली म्हणूनच मोतीला झालं."

मोती तेव्हा तुमच्या पिल्लाएवढाच. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका दवाखान्यात नेला, नाव घेत नाही. मे महिना, सगळे कूलरसमोर दाटीनं बसलेले, बाजूलाच एक लॅब्रेडॉर रक्ताची हगवण करून राहिला होता. पोऱ्यानं फिनाईलचा पोछा मारला, झालं साफ! थर्मामीटर सगळ्यांना एकच, स्टीलच्या ग्लासात ठेवलेलं, स्पिरिटचा बोळा फिरवला की पुढच्याला. आता फिनाईल नि स्पिरिटनं पार्व्हो मरत नाही, फरशीवर महिनोनमहिने टिकते तो. त्याला ब्लीच लागते, ३० भाग पाण्यात १ भाग, तेही आधी घाण धुवून काढून आणि १० मिनिटं फरशी ओली ठेवून.

आठवड्याच्या आत मोतीनं खाणं सोडलं, उलट्या सुरू. डॉक्टर म्हणे घरूनच आणलं असेल तुम्ही. अहो, घरात दुसरं कुत्रं नाही, पिल्लू खाली उतरलं नाही, आणि लक्षणं साधारण ३ ते ७ दिवसांत दिसतात, लावा हिशोब! सलाईनवर कसाबसा वाचला.

आणि साळ्याचं म्हणाल तर, आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडीज पहिल्या डोसाला आडव्या येतात, लस नीट लागू पडत नाही, म्हणून तर १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डोस देतात, तोवर पिल्लू उघडंच समजा. ह्यानं स्वतःच्या मांजरीला आजवर एक लस दिली नाही, अन् मांजरींचा पॅनल्युकोपेनिया हा आजार याच व्हायरसच्या घराण्यातला. त्याला कोण सांगणार?

तुम्ही पिल्लू मांडीवरच ठेवा, फरशी हुंगू देऊ नका, नंबर येईपर्यंत बाहेर गाडीतच बसा. टेबलावर घरची चादर टाका, ती घरी आल्यावर ब्लीचमध्ये. डॉक्टर घरी बोलवला तरी त्याचे बूट अन् बॅग आधी कोणत्या केसवरून आली ते विचाराच.

तसं आमच्याच चपलांना लागून रस्त्यावरून आलं नसेलच असंही नाही म्हणा. आणि सगळेच दवाखाने तसे नसतात, काही जण हगवणीचे केस वेगळ्या खोलीत घेतात. जायच्या आधी फोन करून तेवढं विचारून घ्या.