चिंगीच्या पांढऱ्या पेशी कमी पडत नाहीत, मारल्या जातात

प्रश्न : आमची चिंगी साडेचार वर्षांची लॅब्रॅडॉर. पाऊस सुरू झाला की तिच्या पोटावर आणि जांघेत पुटकुळ्या येतात. त्या फुटल्या की गोल चट्टे पडतात, कडेची कातडी पापुद्र्यासारखी सुटते. दोन वर्षांत हे पाचव्यांदा. गोळ्या दिल्या की पाच-सहा दिवसांत बरी होते, म्हणून बंद करतो. महिन्याभरात पुन्हा तेच. खाज मात्र बाराही महिने, पंजे सारखी चाटते. शेजारचे म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक द्या. पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 18,600 आहेत. इतक्या पेशी असून जंतू मरत कसे नाहीत? तोवर हळद-तेल लावू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, ‘इतक्या पेशी असून जंतू मरत कसे नाहीत’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. अठ्ठावीस वर्षं कुत्र्यांवर उपचार करतेय, पण हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला फार कमी जणांनी विचारला.

आधी टॉनिकचं बघू. निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 6,000 ते 17,000 पांढऱ्या पेशी असतात. चिंगीच्या थोड्या जास्तच आहेत. रक्त घेण्याआधी तिला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का, तेवढं डॉक्टरांना विचारा; स्टिरॉइडमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि आकडा उगाच वाढतो. तसं नसेल, तर तिचं शरीर पेशी पाठवतंय. टॉनिकची बाटली आणू नका.

तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला ज्या जंतूचा दाट संशय येतो त्याचं नाव स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस. हे नाव 2005 सालचं. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात नुसता ‘इंटरमीडियस’ होता. धडधाकट कुत्र्यांच्याही नाकात, तोंडात, गुदद्वाराशी तो राहतो. त्यामुळे चिंगीला तो रस्त्यावरच्या कुत्र्याने दिला असेल म्हणून कुणावर राग धरू नका. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ असते. ती ओली राहिली, खाजवून सोलवटली, की घरातलाच हा पाहुणा केसाच्या मुळाशी उतरतो.

आता पेशींचं काय होतं ते सांगते. जखमेतून हाक गेली की पहिल्यांदा धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. ती हाक ऐकायला त्यांच्या अंगावर खास रिसेप्टर असतात, कानच म्हणा. हा जंतू दोन प्रथिनं सोडतो. दोन्ही मिळून जे विष होतं त्याला लुक-आय म्हणतात. सुटी असताना दोन्ही जवळपास निरुपद्रवी. पण पहिलं प्रथिन नेमकं त्या कानाला जाऊन चिकटतं, मग दुसरं येऊन त्याला जोडलं जातं, आणि अशा जोड्या गोलाकार जमून पेशीच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. पेशी फुगते आणि फुटते. मदतीची हाक ऐकायचा जो अवयव, तोच मारेकऱ्याला धरायची जागा देतो! माणसाच्या स्टॅफिलोकॉकसमधलं याच घराण्यातलं विष पँटन आणि व्हॅलेंटाईन यांनी 1932 साली वर्णन केलं. कुत्र्यांचा जंतू त्याचा भाऊबंद बाळगून आहे.

हे मी काचेवर रोज पाहते. न फुटलेली पुटकुळी सुईने अलगद उघडायची, त्यावर काचपट्टी टेकवायची, वाळली की निळा-जांभळा रंग द्यायचा. मायक्रोस्कोपखाली न्यूट्रोफिलचं केंद्रक वाकड्यातिकड्या गाठींसारखं दिसतं. काही पेशींच्या पोटात गोल जंतू दोन-दोन, चार-चार बसलेले असतात, म्हणजे पेशीने गिळलंय, काम केलंय. पण भोवती फुटक्या पेशींची केंद्रकं जांभळ्या धाग्यांसारखी ओढली गेलेली असतात. तुम्ही ज्याला पू म्हणता त्यात या मेलेल्या शिपायांचाच भरणा. मालकांना मी ती काच दाखवतेच. त्यानंतर टॉनिक कुणी मागत नाही.

एवढ्यावर हा जंतू थांबत नाही. अँटिबॉडी म्हणजे जंतूला चिकटून त्याला पांढऱ्या पेशीच्या हाती देणारं शरीराचं प्रथिन. जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन या अँटिबॉडीला शेपटीकडून पकडतं; पांढऱ्या पेशीने धरायची मूठ तीच, त्यामुळे अँटिबॉडी उलटी चिकटून वाया जाते. दुसरं प्रथिन रक्तद्रव गोठवून जंतूभोवती जाळं विणतं. आणि चिंगीच्या चट्ट्याची कड पापुद्र्यासारखी सुटते ना, त्यात आणखी एका विषाचा हात असतो. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी बांधणारा टाकाच ते कापतं, आणि जंतूला आडवं पसरायला वाट मिळते.

मग गोळ्यांनी पाच दिवसांत बरं का वाटतं? जंतूंची संख्या घटते, विष घटतं, नव्याने आलेल्या पेशी जगतात, लाली ओसरते. पण केसाच्या मुळाशी जंतू शिल्लक असतात. तिथे औषध बंद केलं की ते पुन्हा वाढतात, आणि दर वेळी अर्धवट औषध दिल्याने औषधाला दाद न देणारेच मागे उरतात. ताई, सध्या मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते. चार-पाच गटांतल्या गोळ्यांना न जुमानणारा हाच जंतू मी पाहिलाय, आणि तेव्हा मालकाला सांगायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं.

एक चूक माझीही सांगते. दवाखाना टाकून तीनच वर्षं झाली होती. ऊसवाल्या शेतकऱ्याचा जर्मन शेफर्ड, टायगर, खाजेने हैराण. मी अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. तीन दिवसांत खाज गेली, मालक खूश होऊन पेरू घेऊन आले. आठव्या दिवशी टायगरच्या पाठीवर कातडीखाली पूच पू, बोट दाबलं की चार भोकांतून यायचा. जंतूचं विष पेशी मारत होतं आणि उरलेल्या पेशींचे हात मी बांधले होते. तो बरा व्हायला अडीच महिने लागले. तेव्हापासून काच पाहिल्याशिवाय मी स्टिरॉइड देत नाही, आणि पू असताना तर नाहीच.

चिंगीसाठी सांगायचं तर, असा वरवरचा संसर्ग असेल तर आता आधी बाहेरूनच उपचार करतात. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू, आठवड्यातून दोन-तीनदा, फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं ठेवायचा. घड्याळ लावा, कारण दहा मिनिटं फार लांब वाटतात. मग जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. गोळ्या लागल्याच तर किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टर चट्टे तपासून ठरवतील. दिसायला बरं वाटलं म्हणून तुम्ही घरी थांबवायच्या नाहीत. हळद-तेल नको. तेलाने केसाचं मूळ बुजतं, आणि ती ते चाटणारच.

खाज बारमाही आहे आणि पंजे चाटते, हे तुम्ही ओघात लिहिलंत, पण माझ्या मते पाच वेळा उलटण्याचं कारण तिथे आहे. बहुधा ॲलर्जी असणार. पिसवा, गोचीड आणि खरजेचे किडे आधी नाकारून घ्या, मग खाण्यातली किंवा हवेतली ॲलर्जी शोधावी लागेल. याला वेळ लागतो, पण ते केलं नाही तर पुढच्या पावसात तुम्ही सहाव्या वेळेचं पत्र लिहाल.

कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते पाहणं, करायचं ठरलं तर ताज्या पुटकुळीचाच नमुना हवा. सकाळी पोट वळवून पाहा. पांढरं टोक असलेली, न फुटलेली पुटकुळी दिसली की त्या दिवशी अंघोळ घालू नका, पिळू नका, तिला खाजवू देऊ नका, आणि दुपारच्या आत दवाखान्यात न्या.