मराठी कथा लिहिल्यात, कुठे पाठवू? पैसे मिळतात का?

दिवाळी अंकांपासून सुरुवात करा. १९०९ ला 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला तेव्हापासून मराठी कथेला हक्काची जागा तीच. अंक दिवाळीत येतो पण कथा मे-जूनमध्येच गेलेली बरी, गणपतीत पाठवाल तर पानं बहुतेक भरलेली असतात. मानधन सगळे देत नाहीत म्हणून पाठवतानाच सरळ विचारा, त्यात लाजायचं काय, मेहनत तुमची आहे ना. एजंट वगैरे आपल्याकडे जवळपास नाहीतच, थेट संपादकांना मेल करायचा, युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं तेच) टाइप करून, फोन नंबर टाकून. आणि पुस्तकासाठी कोणी तुमच्याकडेच पैसे मागितले तर प्लीज थांबा, माझ्याकडून एकाने घेतले, गठ्ठे घरी आणून टाकले आणि पुस्तक एकाही दुकानात दिसलं नाही, अजून वाईट वाटतं.